चार बोड्यांचं देवधान

पुण्याहून निघण्यापूर्वी माझ्या कपड्यांवरून दोन तज्ज्ञांत मतभेद झाले. पहिले तज्ज्ञ म्हणजे आमचे सर. वनस्पतिशास्त्राच्या संशोधकाने रानात जाताना विजार घालावी, ती टेरिकॉटची असावी आणि खाकी असावी, असं त्यांचं मत. सर स्वतः विभागातल्या खुर्चीतून उठून रानात शेवटचे कधी गेले होते हे आमच्या जुन्या शिपायालाही आठवत नव्हतं. त्यामुळे त्यांच्या मताला अनुभवाची बाधा झालेली नव्हती. दुसरी तज्ज्ञ माझी आई. तिने शाळेत असताना भूगोलाच्या पुस्तकात चांदा, म्हणजे आताचा चंद्रपूर, जिल्हा वाचला होता. "परक्या मुलखात विजार घालून हिंडलीस तर कुणी पाणीसुद्धा विचारणार नाही," असं म्हणून तिने तीन जुन्या सुती साड्या पिशवीत कोंबल्या: एक निळी, एक पिवळी, एक तपकिरी. मी साड्याही घेतल्या आणि विजारही घेतली. भांडण मिटवायचा मला तेवढाच मार्ग येतो.

मी निघाले होते देवधान गोळा करायला. देवधान म्हणजे रानटी भात. तो कुणी पेरत नाही, कुणी निंदत नाही. तळ्याकाठच्या चिखलात आपोआप उगवतो, पिकला की दाणे चिखलातच गाळून टाकतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा उगवतो. स्वभावाने अत्यंत स्वयंपूर्ण. फूल धड उमलायच्या आत आपल्याच परागाने आपलं लग्न उरकून मोकळा होतो; वारा, मधमाशी, शेजारपाजार, कुणाची म्हणून गरज नाही. याचा परिणाम असा की एका तळ्यातली सगळी झाडं बहुतेक एकाच साच्यातली निघतात, आणि दोन कोसांवरच्या दुसऱ्या तळ्यातली मात्र वेगळ्याच साच्यातली, कारण दोन्ही तळ्यांचं एकमेकांकडे येणंजाणंच नाही. आमच्या विद्यापीठातले विभागही याच पद्धतीने चालतात, पण त्यावर प्रबंध लिहायला परवानगी नाही. म्हणून मी देवधानावर लिहीत होते.

माझं काम सांगायला सोपं होतं. चार तळी निवडायची, प्रत्येकाचं बी वेगळं ठेवायचं, पुण्यात कुंड्यांतून शेजारी शेजारी वाढवायचं आणि कोणाची उंची किती, कुसळं केवढी, दाण्याचा रंग कुठला, हे ताडून पाहायचं. तळ्यातळ्यांत फरक किती, एवढंच शोधायचं होतं. पण माझी शिष्यवृत्ती येत्या वर्षात संपत होती. बी याच हंगामात मिळालं तर प्रबंध, नाहीतर आतापर्यंतचं सगळं काम रद्दीत आणि मी आईने पाहून ठेवलेल्या बँकेतल्या मुलासमोर पोह्यांची बशी घेऊन उभी. त्यामुळे देवधानाबद्दल माझ्या मनात भलतीच श्रद्धा होती.

कुठून बी आणायचं, हे सरांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून सांगितलं. बोटाखाली सावली, गडचिरोली आणि भामरागड असं सगळंच झाकलं गेलं. "हा पट्टा घे," सर म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

वर्धेला गाडी बदलून चंद्रपुरात उतरले तेव्हा ऑक्टोबर लागला होता. स्टेशनातून बाहेर येईपर्यंत पांढऱ्या पिशवीवर कोळशाची धूळ बसली आणि ती आपोआप क्षेत्रकार्याला शोभेल अशी झाली. एस.टी. स्टँडवर मी आधी भामरागडची चौकशी केली. खिडकीतला माणूस माझ्याकडे मायेने पाहत म्हणाला, "पान्यात रस्ता गेला जी. मधात नाले हायेत. दिवाळीनंतर या." म्हणजे सरांच्या बोटाचं एक पेर तिथेच कमी झालं. मी मूल गावावरून सावलीला जाणाऱ्या गाडीत बसले.

शेजारी एक ओव्हरसियर होता. तो गडचांदूरकडे सिमेंटच्या कामावर होता, आता बदलून इकडे आला होता. त्याच्या बुटांच्या शिवणीत अजून पांढरी भुकटी होती. बाहेर सागाचं रान सरत होतं आणि बांद्या (बांध घातलेली भाताची शेतं) सुरू होत होत्या. त्याने मला विचारलं, मी सांगितलं. त्याला फार आनंद झाला.

"बोड्या? अहो मॅडम, बोड्यांचंच काम आहे आपल्याकडे!" बोडी म्हणजे इकडचं लहान तळं. "वैनगंगेपलीकडे रानात एक आहे, अगदी गाळाने भरलेली. येत्या उन्हाळ्यात खोल करतो. काठ खरवडून साफ. बघत राहाल!"

"काठाला काय आहे?" मी विचारलं.

"काय असणार? गवत."

मी त्याला त्या बोडीचा पत्ता विचारला आणि तो त्याने माझ्या नकाशावर अभिमानाने काढून दिला. ज्या गवतासाठी मी हजार किलोमीटर आले होते ते खरवडायला निघालेला माणूस माझ्या मांडीला मांडी लावून बसला होता आणि मला शेंगदाणे देत होता. मी ते खाल्ले.

पहिली बोडी सावलीजवळच मिळाली. निळी साडी गुडघ्यापर्यंत खोचून मी चिखलात उतरले. देवधानाचा एक मोठा गुण असा की लोंबीला हात लागण्याआधी नुसत्या विचारानेच दाणे गळतात. सरांनी सांगितलेली पद्धत होती: लोंबी चिमटीत धरावी, कात्रीने कापावी, पिशवीत सोडावी. त्या पद्धतीने पहिल्या तासात माझ्या पिशवीत रिकाम्या लोंब्या जमल्या आणि दाणे पाण्यात बुडाले. शेवटी मी छत्री उलटी करून लोंबीखाली धरली आणि लोंबीला टिचकी मारली. छत्रीत चार दाणे पडले. बाकीचे माझ्या साडीत घुसले, कारण या दाण्याला बोटापेक्षा लांब कुसळ असतं, कुसळाला बारीक दाते असतात, आणि एकदा सुती कापडात शिरलं की ते पुढेच जातं, मागे येत नाही. दिवसभर मांडीला, पोटरीला सुया टोचत राहिल्या. मी देवधानाला, सरांना आणि सुती कापडाला आलटून पालटून शिव्या दिल्या.

तिथून वैनगंगा ओलांडून मी गडचिरोलीच्या बाजूला आले. ज्या गावात मुक्काम केला त्याचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्याबद्दल त्या घरातल्या बाईंना अजून वाईट वाटतं. त्या सुभद्राबाई. त्यांचे यजमान रामटेके गुरुजी गावच्या शाळेत शिक्षक होते; आमच्या विभागातल्या एका विद्यार्थ्याचे मामा. घर शेणाने सारवलेलं, लख्ख. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली गुरुजींची पुस्तकं. पहिल्याच जेवणात उकड्या तांदळाचा भात, बोडीतल्या बारीक मासोळ्यांचा रस्सा आणि जवसाची चटणी मिळाली. विद्यापीठाच्या खानावळीत तीन वर्षं दुपारी जे खाल्लं ते अन्न होतं की शिक्षा, असा प्रश्न मला त्या दिवशी पडला.

जेवणानंतर ओसरीवर शेजारच्या बाया जमल्या. परगावची, एकटी, लग्नाच्या वयाची बाई चिखलात उतरून देवधान वेचते, ही गावाला न पेलणारी बातमी होती. त्या भागातल्या बाया ऋषीपंचमीच्या उपासाला हेच धान खातात, कारण ते नांगराशिवाय उगवतं. ऋषीपंचमी तर होऊन गेलेली.

"बाई, हे धान कायले गोळा करून राह्यल्या तुमी?" सुभद्राबाईंनी विचारलं.

मी सांगितलं. स्वपरागण सांगितलं, साचे सांगितले, तळ्यातळ्यांतला फरक सांगितला. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. मग पलीकडची एक म्हणाली, "ते समदं खरं जी. पन गोळा कायले करता?"

मी पुन्हा सांगितलं. पुन्हा तोच प्रश्न. तिसऱ्यांदा तिने आवाज खाली आणून विचारलं, "नवस हाये का?"

माझी पोटरी टोचून टोचून सुजली होती. मी म्हणाले, "हो, नवसच. आमच्या सरांनी सांगितलाय. चार बोड्यांचं देवधान जमवल्याशिवाय देव पावायचा नाही. तीन वर्षं झाली, अजून पावत नाहीये."

"मंग त्याचं दान कराव लागते का खाव लागते?"

"खायचं! दुसरं काय करणार?"

पुण्यात हे बोलले असते तर चौघं हसले असते. इथे कुणी हसलं नाही. बायांनी एकमेकींकडे पाहून मान हलवली आणि त्यांचं समाधान झालं. मलाही बरं वाटलं, एकदाची सुटका झाली म्हणून.

दुसऱ्या बोडीवर पिवळी साडी गेली, तिसऱ्या बोडीवर तपकिरी. दुसऱ्या बोडीत मी छत्री लावून बसले असताना एक म्हैस आली आणि मी निवडलेल्या लोंब्या तिने माझ्या डोळ्यांदेखत खाल्ल्या. तिचीही निवड उत्तम होती, सगळ्यात भरलेल्या तेवढ्याच उचलल्या. तिसऱ्या बोडीत मी घसरून बसले, त्यामुळे त्या दिवशी कुसळं कुठे कुठे टोचली ते लिहिण्यासारखं नाही. पण तिन्ही बोड्यांतला फरक मला उघड्या डोळ्यांनी दिसत होता. पहिलीतली कुसळं तांबडी, दुसरीतली पांढरी, तिसरीतली झाडं बुटकी आणि लोळणारी. तळ्यागणिक साचा वेगळा, हे सरांचं म्हणणं खरं ठरत होतं, ही एक गोष्ट सोडली तर मी अत्यंत खूश होते. मूठ-मूठ दाणे मी कागदाच्या पुड्यांत बांधले, वर बोडीचा आकडा घातला आणि सुभद्राबाईंच्या स्वयंपाकघरातल्या शिंकाळ्यात ठेवले. चिखलाने भरलेल्या साड्या बोचक्यात कोंबल्या.

चौथ्या दिवशी धड साडी उरली नाही, म्हणून सरांची विजार निघाली. ओव्हरसियरने सांगितलेली रानातली बोडी बाकी होती. गुरुजींनी मला सायकलवर मागे बसवलं. वाटेत जंगल खात्याच्या नाक्यावरचा गार्ड, दोन गुराखी आणि मोहाखाली बसलेली एक म्हातारी अशा सर्वांनी ती विजार पाहिली. म्हातारी गोंडीत काहीतरी म्हणाली. गुरुजींनी त्याचं भाषांतर करायचं नाकारलं.

मग बोडी दिसली. चहूबाजूंनी साग आणि येनाची झाडं, मध्ये पाणी, आणि काठाने देवधान असं की जणू कुणी पेरलंय. मी लोंबी हातात घेतली. दाणे गळले नाहीत. दोनदा टिचकी मारावी लागली, मग पडले. टरफल जवळजवळ काळं, आत लालसर दाणा, आणि कुसळ नखाएवढं, मऊ. मी दुसरं झाड पाहिलं, तिसरं पाहिलं, पलीकडच्या काठाला जाऊन पाहिलं. सगळी तशीच. कुणाशी संबंध न ठेवता, कुणाला न कळवता, या एका बोडीने स्वतःपुरता वेगळाच भात घडवला होता. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. प्रबंधात यासाठी एक स्वतंत्र प्रकरण लागणार, हे मी चिखलात उभ्या उभ्याच ठरवलं.

"काय झालं जी?" गुरुजींनी काठावरून विचारलं.

"गुरुजी, असं धान आणखी कुठे आहे?"

"मी तर नाई पाह्यलं."

काठावर चुन्याने रंगवलेले दगड अंतराअंतराने मांडले होते. खोलीकरणाची आखणी झाली होती. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि संध्याकाळपर्यंत पुडी भरत राहिले. विजारीवर एक दाणा चिकटला नाही. सर या एका बाबतीत बरोबर आहेत, असं मी मनात कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी मी सकाळच्या गाडीने गडचिरोलीला गेले आणि सरांना तार केली: चारही मिळाल्या, चौथी अद्भुत. 'अद्भुत' शब्दाचे पैसे मी स्वतःच्या खिशातले भरले. दुपारी परत आले तर सुभद्राबाई दारातच उभ्या. अंगावर ठेवणीतलं लुगडं, चेहरा लग्नघरातल्यासारखा. हातपाय धुवायला पाणी दिलं, पाट मांडला, आणि समोर वाटी ठेवली. खीर होती. गुळाची, वेलची घातलेली, वर सायीचा थर. मी सकाळपासून उपाशी होते.

"तुम्ही घ्या ना," मी म्हणाले.

"नाई नाई. तुमीच खा. दुसऱ्या कोनाले देनार नाई मी आज. गुरुजीलेबी नाई."

मी खाल्ली. अशी खीर मी जन्मात खाल्ली नव्हती. वाटी बोटाने पुसून खाल्ली आणि म्हणाले, "सुभद्राबाई, तांदूळ कुठला हो हा?"

"अवं, तुमचाच ना!"

मला अजूनही कळलं नव्हतं. मी हसत होते.

"चार बोड्यांचं. मी पुड्या फोडल्या, एका सुपात केलं, उखळात कांडलं. तुमी उद्या जाता, अन् गाडीघोड्यात कवा करान? आमच्या घरी नवस-बिवस कवाचेच बंद झाले बाई, मी मानत नाई. पन तुमी एवढ्या चिखलात उतरल्या, पाय फुटले तुमचे. तुमाले पावलं पायजे."

पुड्यांचे कागद त्यांनी नीट घड्या करून खिडकीत ठेवले होते. चारही कागदांवर माझ्याच हातचे आकडे.

"एखादा दाणा... टरफलासकट... कुठे?" मी विचारलं.

"कोंडा कोंबड्यायले टाकला."

यानंतर मी जे बोलले ते इथे देत नाही. पुण्याच्या माणसाला इतकं मोठ्याने बोलता येतं हे मलाही नवीन होतं. गुरुजी शाळेतून धावत आले. मी त्यांना सांगितलं की तुमच्या बायकोने माझा प्रबंध शिजवला आणि तो मी खाल्ला. मग मी रडायला लागले. सुभद्राबाई चुलीशी उभ्या होत्या, हातात ती रिकामी वाटी. गुरुजी त्यांच्यावर चिडले, त्यांनी ते ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, आमी इचारलं तवा तुमी नवस म्हनल्या. काऊन म्हनल्या?"

उपहास ही काय चीज आहे, हे मला त्यांना समजावता आलं नाही. आजवर ती माझी एकमेव कमाई समजत होते मी.

सकाळी उठले तेव्हा घर शांत होतं. माझी गाडी दुपारची होती. गुरुजी ओसरीवर दाढी करत होते. सुभद्राबाई दिसत नव्हत्या. ते खाली मान घालून म्हणाले, "ते तुमचे लुगडे घेऊन बोडीवर गेली धुवाले. झोपली नाई जी ते. म्हने, बाईचं तेवढं तरी काम करून देतो."

"बरं," मी म्हणाले आणि तोंड धुवायला बसले. पोटरीवर हात गेला. सुजलेलं अजून दुखत होतं. तिथे कातडीत एक कुसळ अडकलेलं होतं, तांबडं.

मी तशीच उठले आणि अनवाणी पळत सुटले. "सुभद्राबाई! धुवू नका! आपटू नका!" असं ओरडत पुण्याची एक संशोधिका गावातून बोडीकडे पळत गेली, गावाला दुसरी बातमी मिळाली. सुभद्राबाईंनी पिवळी साडी पाण्यातून काढली होती आणि दगडावर आपटायला हात उचलला होता. मी त्यांचा हात धरला. त्यांना वाटलं मी त्यांना मारायला आले.

"त्यात धान आहे," मी धापा टाकत म्हणाले. "काठात बघा. कुसळं अडकलीयेत."

त्यांनी साडीचा काठ उलटा केला. आत ओळीने दाणे रुतून बसले होते. निळ्या साडीत तांबड्या कुसळांचे, पिवळीत पांढऱ्या, तपकिरीत बुटक्या झाडांचे. मी ज्यांना तीन दिवस शिव्या घातल्या होत्या ते सगळे जागच्या जागी होते, आणि आपापल्या साडीतच होते. सुभद्राबाई "माय वं!" म्हणून मटकन खाली बसल्या आणि मग आम्ही दोघी हसायला लागलो. हसताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, माझ्याही.

त्यांनी पळसाची पानं आणून तीन द्रोण लावले. आम्ही दगडावर बसून एक एक दाणा मुळाकडून धरून पुढे ओढून काढला, कारण उलटा तो येतच नाही. निळीचे निळीच्या द्रोणात, पिवळीचे पिवळीच्या. द्रोण एकमेकांजवळ आले तरी सुभद्राबाई माझ्यावर ओरडत होत्या, "दूर ठेवा, मिसळतीन ना!" ओसरीवरचं सगळं शास्त्र त्यांना आता पाठ झालं होतं. तिन्ही द्रोण भरत आले. मला वाटलं, सुटले.

मग त्यांनी बोचकं झटकून पाहिलं आणि विचारलं, "चौथ्या बोडीचं लुगडं कुठी हाये?"

मी पिवळीच्या द्रोणातला एक दाणा उगाच सरळ केला.

"बाई? चौथ्या बोडीचं?"

"त्या दिवशी मी विजार घातली होती."

आम्ही घरी आलो. त्यांनी विजार मागून घेतली. खिसे उलटे केले, पायाच्या घड्या उसवून पाहिल्या, शिवणीत नख घालून पाहिलं. टेरिकॉट स्वच्छ होतं. आखूड मऊ कुसळं कशालाच धरून राहिली नव्हती. सुभद्राबाईंनी विजार मांडीवर ठेवली आणि तिच्यावरून हात फिरवत बसून राहिल्या.

गाडी मी सोडून दिली. गुरुजींच्या सायकलवरून पुन्हा त्या बोडीवर गेले. मधल्या वेळात ऊन कडक पडलं होतं आणि जे दाणे हट्टाने टिकले होते तेही गळले होते. मी कोपरापर्यंत हात घालून काठचा चिखल उपसला आणि वनस्पती तुपाच्या एका डब्यात भरून घेतला. तो डबा मांडीवर घेऊन मी पुण्याला आले. गाडीत समोरच्या बाईंनी विचारलं, "तूप का?" मी म्हणाले, "नाही, चिखल आहे." खरं सांगायला मी नुकतीच शिकले होते, पण त्यांनी विश्वास ठेवला नाही.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. "तू विजार घातली होतीस ना?" एवढंच त्यांनी समाधानाने विचारलं. प्रबंधात बी गोळा करण्याची पद्धत मी प्रामाणिकपणे लिहिली, ती सरांनी खोडून 'प्रचलित पद्धतीने' असं केलं. पुढच्या पावसाळ्यात तीन साड्यांचं देवधान कुंड्यांतून वर आलं आणि अगदी शहाण्यासारखं वेगवेगळं वागलं. डब्यातल्या चिखलातून लव्हाळा उगवला, कमळाचं एक पान उगवलं आणि एके दिवशी एक बेडूक निघाला. भाताचं एक पातंही आलं नाही. सर म्हणाले, "बी नाही तर पुरावा नाही. चौथी बोडी काढून टाक." मी काढली. तीन बोड्यांवर मला पदवी मिळाली.

त्या पावसाळ्यानंतरच्या ऑक्टोबरमध्ये मी स्वतःच्या खर्चाने एकदा तिकडे जाऊन आले. बोडी खोल झाली होती. काठ सरळ, पाणी निळंशार, पाळीवर, म्हणजे बांधावर, दगड रचलेले. रानाखालच्या बांद्यांना भरपूर पाणी मिळालं होतं आणि भात डुलत होता. लोक खूश होते, त्यांनी का असू नये? मला कुणावर धड रागावताही येईना, माझ्यासारखीला ही फार मोठी गैरसोय. सुभद्राबाई माझ्याबरोबर आल्या होत्या. त्या काठाने पूर्ण फेरी मारून आल्या, वाकून वाकून बघत. "नाई जी," त्या म्हणाल्या. "एकबी नाई." परत येताना त्यांनी माझा हात धरला होता आणि मीही तो सोडवून घेतला नाही.

त्या बोडीचं काळ्या टरफलाचं देवधान आता कुठेही नाही. त्याला बाहेरचं कुणी लागत नव्हतं, म्हणून बाहेर कुठे त्याचं काही उरलंही नाही. जे होतं ते मी एकटीने खाल्लं. सुभद्राबाईंनी नवसाचं म्हणून कुणाला घासभर दिलं नव्हतं. त्यामुळे ते चवीला कसं होतं हे सांगू शकेल असं जगात एकच माणूस आहे, आणि ती मी. कुणी विचारलं तर मी सांगते, गोड होतं. पण त्यात गूळ होता, दूध होतं आणि बाकीच्या तीन बोड्याही होत्या. खरं म्हणजे तेवढंही मला नक्की सांगता येत नाही.